कबानातुआनचे कैदी आणि रेड्यांच्या गाड्या

प्रश्न असा आहे : शत्रूच्या मुलखात आत असलेल्या छावणीवर छापा घालून युद्धकैद्यांना जिवंत सोडवून आणलं, असं खऱ्या लढाईत कधी झालं आहे का, की ते फक्त सिनेमात होतं? आणि होत असेल, तर १९७१ च्या युद्धात पाकिस्तानच्या हाती लागलेल्या आपल्या माणसांसाठी कोणी तसं का केलं नाही?

झालं आहे. पण फार थोड्या वेळा, आणि सिनेमात दिसतं त्या कारणांनी तर नाहीच. मी पायदळात २६ वर्षं काढली. त्यातली काही वर्षं तरुण अधिकाऱ्यांना ‘छापा’ हा विषय शिकवण्यात गेली, आणि सँड मॉडेलवर (वाळूत केलेल्या जमिनीच्या प्रतिकृतीवर) मी सर्वांत जास्त वेळा उभी केलेली मोहीम म्हणजे फिलिपिन्समधली कबानातुआनची. म्हणून उत्तर तिच्या आधाराने देतो.

आधी १९७१ चं. युद्धकैद्यांपैकी बहुतेक सगळे वाटाघाटीतूनच घरी येतात. १९४९ च्या तिसऱ्या जिनिव्हा कराराचं कलम ११८ सांगतं की प्रत्यक्ष लढाई थांबली की कैद्यांना विनाविलंब सोडून परत पाठवायचं. त्या वेळी आपल्या ताब्यात पाकिस्तानचे सुमारे ९३ हजार लोक होते. शिमल्याची बोलणी जुलै १९७२ मध्ये झाली, आणि आपले कैदी १ डिसेंबर १९७२ ला वाघ्यावरून परत आले. मधल्या काळात रावळपिंडीच्या छावणीतून फ्लाइट लेफ्टनंट दिलीप पारुळकर, मलविंदरसिंग गरेवाल आणि हरीश सिंहजी भिंत फोडून निसटले आणि अफगाण सरहद्दीच्या तोंडाशी पकडले गेले, हे अनेकांना ठाऊक असेल. त्या तिघांची हिंमत अफाटच. पण बाहेरून जाऊन छावणीवर हल्ला चढवणं ही वेगळी गोष्ट आहे. पहिली गोळी झाडली की पहारेकऱ्यांच्या बंदुका आधी कैद्यांकडेच वळतात. त्यामुळे छापा घालायचा तो कैद्यांना तिथे ठेवणं हे छाप्यापेक्षा जास्त धोक्याचं झालं असेल तेव्हाच. १९७२ मध्ये तसं नव्हतं. जानेवारी १९४५ मध्ये फिलिपिन्सच्या लुझॉन बेटावर मात्र तसंच होतं.

९ एप्रिल १९४२ ला लुझॉनवरच्या बातान द्वीपकल्पात लढणारी अमेरिकन आणि फिलिपिनो फौज जपान्यांना शरण आली. सुमारे ७५ हजार माणसं, त्यातले बहुसंख्य फिलिपिनो. त्यांना उन्हातून, अन्नपाण्यावाचून शंभर किलोमीटरच्या आसपास चालवत नेलं. वाटेत पडेल त्याला संगिनीने भोसकलं. पुढे जे अमेरिकन कैदी उरले त्यांतले हजारो नुएव्हा एसिहा प्रांतातल्या कबानातुआनच्या छावणीत आले. तिथे अडीच हजारांहून अधिक माणसं मेली, बहुतेक हगवण, हिवताप, घटसर्प आणि उपासमारीने. पळण्याचा विचारही करू नये म्हणून कैद्यांचे दहा-दहाचे गट पाडले होते. एक पळाला तर उरलेल्या नऊ जणांना गोळ्या. मनिलातून अन्न आणि औषधं चोरून आत पोचवणाऱ्या काही बायका होत्या. क्लेअर फिलिप्स आणि मार्गारेट उटिन्स्की ही त्यातली दोन नावं. त्यांच्यामुळे किती जण जगले ते मोजता येणार नाही, पण क्विनाइनची एक बाटली अशा ठिकाणी काय मोलाची असते ते हिवताप भोगलेल्या माणसाला सांगावं लागत नाही.

१९४४ मध्ये अमेरिकन फौज फिलिपिन्सच्या जवळ येत चालली तसा जपान्यांनी धडधाकट कैदी जहाजांत कोंबून मजुरीसाठी जपानकडे हलवण्याचा सपाटा लावला. त्या जहाजांवर कैदी असल्याची कसलीही खूण नसे. ‘अरिसान मारू’ हे त्यातलं एक. २४ ऑक्टोबर १९४४ ला अमेरिकन पाणबुडीच्याच टॉर्पेडोने ते बुडालं. आत जवळपास १,७८० कैदी होते, वाचले ९. कबानातुआनमध्ये मागे उरले ते पाचशेवर लोक. आजारी, अपंग, आंधळे होत चाललेले. जहाजावर नेण्याच्याही लायकीचे नाहीत असं ठरलेले.

मग १४ डिसेंबरला पलावान बेटावर जे झालं त्याने सगळं बदललं. पुएर्तो प्रिन्सेसाच्या छावणीतल्या १५० कैद्यांना हवाई हल्ल्याची खोटी सूचना देऊन खंदकांत घातलं, वरून पेट्रोल ओतलं आणि पेटवून दिलं. बाहेर पडेल त्याला गोळी. ११ जण कसेबसे समुद्राकडे निसटले. त्यांतल्या युजीन नील्सन या सैनिकाची हकीकत जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात अमेरिकन गुप्तवार्ता अधिकाऱ्यांच्या हाती आली. ९ जानेवारीला अमेरिकन फौज लुझॉनवर लिंगायेनच्या आखातात उतरली आणि कबानातुआनच्या दिशेने सरकू लागली. हिशेब सरळ होता. फौज जितकी जवळ जाईल तितकी त्या पाचशे जणांची घटका भरत येणार. २६ जानेवारीला मेजर रॉबर्ट लॅपम अमेरिकेच्या सहाव्या सैन्याच्या मुख्यालयात घोड्यावरून येऊन पोचले. बातान पडल्यावर शरण न जाता तीन वर्षं लुझॉनच्या गनिमी पथकांचं नेतृत्व करणारे हे अधिकारी. छावणी कुठे आहे, आत किती लोक आहेत, भोवती किती जपानी आहेत हे त्यांना पाठ होतं. त्यांनी कळकळीने सांगितलं की आता थांबू नका.

काम आलं सहाव्या रेंजर बटालियनकडे, म्हणजे छाप्यांसाठी खास तयार केलेल्या अमेरिकन पायदळाकडे. ही बटालियन मुळात खेचरांवरून तोफा वाहणारी होती. आपल्या डोंगरी तोफखान्यातली खेचरं ज्यांनी सांभाळली आहेत त्यांना ही माणसं लगेच कळतील. ओझं, चिखल आणि रात्रीची चाल अंगवळणी पडलेली. लेफ्टनंट कर्नल हेन्री म्युसी यांनी त्यांना न्यू गिनीत नव्याने घडवलं. छाप्याला निघाले १२१ रेंजर. प्रत्यक्ष हल्ल्याची आखणी आणि अंमल कॅप्टन रॉबर्ट प्रिन्स या पंचविशीतल्या तरुणाकडे. पुढे टेहळणीला अलामो स्काउट्सच्या दोन छोट्या तुकड्या. आणि कॅप्टन हुआन पाजोता व कॅप्टन एदुआर्दो होसोन यांची फिलिपिनो गनिमी पथकं, मिळून अडीचशेच्या वर माणसं. म्हणजे या ‘अमेरिकन’ छाप्यात तीनांत दोन माणसं फिलिपिनो होती, आणि हे मी वर्गात पहिल्याच तासाला फळ्यावर लिहीत असे.

२८ जानेवारीला हे सगळे आघाडीजवळच्या गिंबा गावाहून निघाले. छावणी आघाडीपासून जवळजवळ ५० किलोमीटर आत. हमरस्ता ओलांडायचा तर वर पुलावर जपानी रणगाडा उभा. मग पुलाखालच्या घळीतून एकेक जण दबकत पलीकडे. गावकऱ्यांनी काय केलं ते पाहा. वाटेवरच्या गावांना निरोप गेले होते की कुत्र्यांची तोंडं बांधा, कोंबड्या झाकून ठेवा. रात्रीच्या वेळी गावाजवळून तुकडी नेताना एक कुत्रं भुंकलं की पुढच्या गावापर्यंत कशी साखळी लागते हे ज्याने अनुभवलं आहे, त्याला ही खबरदारी किती मोठी ते कळेल. सरावात माझी आख्खी कंपनी अशा एका भुंकण्याने उघडी पडली आहे. इथे तर प्रत्येक घराला कळलं होतं की अमेरिकन आले आहेत, आणि एकानेही तोंड उघडलं नाही.

छापा २९ च्या रात्री व्हायचा होता. पाजोता म्हणाले, आज नको. मागे सरकणाऱ्या जपानी फौजेची मोठी रहदारी छावणीसमोरच्या रस्त्यावरून चालली होती, आणि काबू ओढ्याच्या पलीकडे हजाराच्या आसपास जपानी तळ ठोकून होते. आज गेलो तर सगळे मरू. कर्नल म्युसी तापट म्हणून प्रसिद्ध होते. शिवाय एकेक दिवस म्हणजे पलावानची पुनरावृत्ती होण्याचा धोका. तरी त्यांनी त्या स्थानिक कॅप्टनचं ऐकलं आणि छापा २४ तास पुढे ढकलला. मला विचाराल तर ही मोहीम इथेच जिंकली. वरच्या हुद्द्याच्या माणसाने जागच्या माणसाचं ऐकणं ही युद्धात फार दुर्मीळ गोष्ट आहे. मी स्वतः एकदा असं ऐकलं नव्हतं. वाटाड्या सांगत होता की ओढ्याला रात्री पाणी चढतं, मी नकाशा पाहत बसलो, आणि एका जवानाचा पाय मोडला.

त्या वाढीव दिवसाचा उपयोगही नीट केला. स्काउटांपैकी लेफ्टनंट बिल नेलिस्ट आणि रुफो वाकिलार यांनी शेतकऱ्यांचे कपडे घालून, टोपल्यासारखी टोपी डोक्यावर ओढून, छावणीच्या फाटकापासून अडीच-तीनशे मीटरवरची एक झोपडी गाठली आणि दिवसभर तिथून पाहणी केली. पहारा कधी बदलतो, फाटक कोणत्या बाजूला उघडतं, रणगाडे ठेवलेल्या शेड कोणत्या. छाप्याच्या आखणीत शौर्याला जागा शेवटी असते. आधी जागा या असल्या माहितीला.

अडचण जमिनीची होती. भोवताली कापणी झालेली सपाट भातखाचरं, आडोशाला झुडूपही नाही, आणि पहाऱ्याचे मनोरे. शेवटचा टप्पा पोटावर सरपटत जायचा, तोही पुरता अंधार पडायच्या आत सुरू करून. तेव्हा पहारेकऱ्यांची नजर वर वळवायला विमान मागवावं ही सूचना पाजोतांनीच केली. ३० जानेवारीच्या संध्याकाळी पी-६१ जातीचं एक काळं विमान छावणीवर आलं, वैमानिकाने डावं इंजिन बंद करून पुन्हा चालू केलं, फाट फाट आवाज काढले, आता पडतं की मग पडतं असं भासवत घिरट्या घातल्या. वीसेक मिनिटं सगळे पहारेकरी आकाशाकडे बघत राहिले. तेवढ्यात शंभरावर माणसं खाचरांतून सरपटत कुंपणाशी पोचली.

पावणेआठच्या सुमारास मागच्या बाजूने रेंजरांपैकी लेफ्टनंट मर्फींच्या माणसांनी पहिली गोळी झाडली. मनोरे आणि पहाऱ्याच्या चौक्या काही सेकंदांत गारद झाल्या. फाटकाचं कुलूप पिस्तुलाच्या गोळीने फोडलं, रणगाड्यांच्या शेडवर बझूका (खांद्यावरून डागायची रणगाडाभेदी रॉकेटं) डागल्या. हे सगळं तुम्ही कुठेही वाचाल. पण कैद्यांचं काय झालं ते क्वचित कोणी सांगतं.

कैदी बाहेरच येईनात. झोपड्यांखाली, चरांत, संडासात लपून बसले. पलावानची बातमी त्यांना नसली तरी आपल्याला एक दिवस मारणार हे ते धरून चालले होते, आणि तो दिवस आला असंच त्यांना वाटलं. आलेले सैनिक अमेरिकन असावेत यावर विश्वास बसेना. या लोकांनी १९४२ मध्ये शेवटचे पाहिलेले अमेरिकन सैनिक चपट्या लोखंडी टोपीतले होते. हे वेगळ्याच हिरव्या कपड्यांत, मऊ टोप्या घातलेले, हातात कधी न पाहिलेल्या बंदुका. शिवाय वर्षानुवर्षं धड अन्न नाही म्हणून कित्येकांना रात्रीचं दिसतच नव्हतं. रेंजरांना ओरडून, ढकलून, काहींना अक्षरशः उचलून फाटकाकडे न्यावं लागलं. कैद्यांतले पुष्कळ जण इतके हलके झाले होते की एका रेंजरने दोघांना पाठीवर घेतल्याचं सांगितलं जातं. एक कैदी फाटकापर्यंत पोचता पोचता हृदय बंद पडून गेला. स्वातंत्र्यापासून काही पावलांवर.

रेंजरांपैकी दोघे पडले. कॉर्पोरल रॉय स्वीझी माघारीच्या गोंधळात आपल्याच लोकांच्या गोळीने. आणि बटालियनचे डॉक्टर कॅप्टन जेम्स फिशर फाटकाजवळ जपानी मॉर्टरच्या गोळ्याने. फिशरांना बालिंकारिन गावात नेलं, विमान उतरावं म्हणून तिथल्या शेतात जागा साफ केली गेली, विमान आलं नाही. दुसऱ्या दिवशी ते गेले.

लढाई अर्धा तास चालली. मी विद्यार्थ्यांना विचारत असे : आता पुढे काय? बहुतेकांचा सँड मॉडेल इथे संपायचा. खरी मोहीम इथे सुरू होते.

हिशेब करा. एक जखमी माणूस स्ट्रेचरवर न्यायला चार जण लागतात आणि पालटायला आणखी चार. पाचशेपैकी शंभर जण अजिबात चालू शकत नाहीत असं धरलं तरी आठशे खांदेकरी हवेत. हाताशी रेंजर सव्वाशे, आणि त्यांच्या हातात बंदूक हवी. त्या मोडक्या पायाच्या जवानाला आम्ही चार किलोमीटर आणला तेव्हा रात्री दहाला निघून पहाट झाली होती. इथे काही किलोमीटरवरच्या कबानातुआन शहरात हजारोंच्या संख्येने जपानी होते, काबूपलीकडे हजार, आणि आपल्या हद्दीपर्यंत रात्रभराची वाट.

हे कोडं गावकऱ्यांनी सोडवलं. पंपांगा नदीच्या काठावर पाजोतांनी आधीच रेडे जुंपलेल्या पंचवीसेक गाड्या आणून उभ्या केल्या होत्या. तिथले शेतकरी भाताच्या चिखलात जो रेडा नांगराला लावतात, तोच. नदी उतरल्यावर कैद्यांना त्यांत घातलं. पुढच्या प्रत्येक गावात आणखी गाड्या येऊन मिळत गेल्या. शेवटी शंभराहून जास्त गाड्यांची दोन-अडीच किलोमीटर लांब रांग चांदण्यात चालली होती, ताशी तीनेक किलोमीटरने. रेडा यापेक्षा जोरात चालत नाही. बंदुकीच्या धाकानेही नाही. वाटेत गावोगावच्या बायका भात आणि पाणी घेऊन उभ्या होत्या, स्वतःच्या घरात तीन वर्षांच्या जपानी लुटीनंतर फारसं काही उरलेलं नसताना.

आणि तोवर मागे काबूचा पूल कोणीतरी धरून ठेवायलाच हवा होता. तो पाजोतांच्या लोकांनी धरला. पुलाला लावलेल्या स्फोटकाने पूल पूर्ण पडला नाही, पण भगदाड पडलं आणि रणगाडे पलीकडेच अडकले. जपानी घोळक्याने पुन्हा पुन्हा धावून येत राहिले आणि समोरच्या गोळीबारात पडत राहिले. बझूका चालवायला त्याच दिवशी शिकलेल्या एका फिलिपिनोने त्यांचे रणगाडे फोडले. दुसऱ्या बाजूला शहराकडून येणारा रस्ता होसोनांनी रोखला होता. यांना मागे फिरण्याची खूण होती प्रिन्स यांनी उडवलेला लाल फटाका. पावनखिंडीची गोष्ट ऐकत वाढलेल्या माणसाला इथे विशाळगडाच्या तोफा आठवल्याशिवाय राहत नाहीत. फरक इतका की पाजोतांचा एकही माणूस मेला नाही. वीसेक जखमी झाले, सगळे परतले.

३१ जानेवारीला ही रांग तालावेराजवळ अमेरिकन फौजेला मिळाली. पाचशे दहाहून अधिक कैदी जिवंत.

हेच दुसरीकडे का बिघडलं, तेही थोडक्यात सांगतो. मार्च १९४५ मध्ये अमेरिकन जनरल पॅटन यांनी जर्मनीतल्या हामेलबुर्गच्या छावणीवर कॅप्टन अब्राहम बॉम यांच्या हाताखाली तीनशेच्या आसपास माणसं आणि रणगाडे पाठवले. पॅटन यांचे जावई त्याच छावणीत होते. तुकडी छावणीपर्यंत पोचली, कुंपणही तोडलं. पण नकाशे अपुरे, भोवतालचा शत्रू किती ते माहीत नाही, स्थानिक मदत शून्य, आणि कैदी अंदाजापेक्षा कितीतरी जास्त. त्यांना न्यायचं कशातून? बहुतेक कैदी पायी छावणीत परत गेले, तुकडी वेढली गेली आणि जवळजवळ सगळी मारली किंवा पकडली गेली. त्यानंतर काही दिवसांतच अमेरिकन फौजेने ती छावणी रीतसर पुढे सरकत मोकळी केली. नोव्हेंबर १९७० मध्ये हनोईजवळच्या सोन तायवर अमेरिकेच्या ५६ निवडक सैनिकांनी हेलिकॉप्टरने छापा घातला. सराव, वेळ, धाडस यांत खोट काढायला जागा नाही. आत एकही कैदी नव्हता. जुलैतच त्यांना हलवलं होतं. आकाशातून काढलेले फोटो होते, पण फाटकासमोरच्या झोपडीत शेतकऱ्याच्या वेषात बसलेला माणूस नव्हता.

नंतरच्या एका गोष्टीचा मला अजून राग येतो. म्युसी आणि प्रिन्स यांना डिस्टिंग्विश्ड सर्व्हिस क्रॉस हा अमेरिकेचा मोठा शौर्यसन्मान मिळाला, तो त्यांना मिळायलाच हवा होता. पण अमेरिकेच्या झेंड्याखाली लढलेल्या फिलिपिनोंना देऊ केलेले सैनिकी लाभ १९४६ मध्ये अमेरिकन काँग्रेसने कायदा करून काढून घेतले. एकरकमी भरपाई ठरली २००९ मध्ये. तोवर पूल धरणारे बहुतेक जण गेलेले होते. गाडीवानांची तर यादीही कोणी केली नाही.

आता एका माणसाबद्दल सांगून थांबतो. प्रिन्स यांनी लाल फटाका उडवण्याआधी स्वतः झोपड्यांतून फिरून पाहिलं होतं, कोणी राहिलं का म्हणून हाका मारल्या होत्या. तरी एक राहिला. एडविन रोज नावाचा ब्रिटिश कैदी, कानाने जवळजवळ बहिरा, हगवणीने हैराण. तो संडासात झोपून गेला होता. मनोरे कोसळले, रणगाडे उडाले, पाचशे माणसं निघून गेली, त्याला पत्ता नाही. सकाळी उठला तर छावणी रिकामी. त्याने शांतपणे दाढी केली. सुटकेच्या दिवसासाठी म्हणून जपून ठेवलेले चांगले कपडे काढले, ते घातले आणि उघड्या फाटकातून चालत बाहेर पडला. वाटेने जाणाऱ्या गनिमी पथकातल्या लोकांना तो दिसला, आणि त्यांनी त्यालाही पोचवला.